मूठभर विरजण

पिंपातलं सूत उपसून रोहिणी लोहार न्हाणीतल्या मोठ्या चाळणीत निथळत ठेवत होती. मागावरचं टाकाऊ सूत, चुन्याची निवळी घालून तासभर ऐंशी अंशांच्या पाण्यात मुरवलेलं. निथळलं की त्यातलं मूठभर घेऊन ती घट्ट पिळायची. थेंब गळला तर अजून ओलं, तळवा कोरडा राहिला तर जास्तच सुकलं. तळवा नुसता दमट झाला की अळंबीच्या पिशवीत भरायला घ्यायचं. इचलकरंजीत आता सुगरण कोण हे या मुठीवरून ठरत होतं, आणि त्यात रोहिणीकाकीचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं.

भाकरीवरून ठरवायचं तर भाकरीच कुठे उरली होती? गव्हावरचा नवा तांबेरा रोग ज्वारीवर उतरला त्याला सहा वर्षं झाली. कापसाची रानंही अन्नाकडे वळवली, तेव्हा गावातले माग बंद पडले. उरलं ते गोदामांतलं टाकाऊ सूत. रेशनवर माणशी महिन्याला तीन किलो धान्य मिळायचं, बाकीचं पोट अळंबीवर.

ही अळंबीही साधी नव्हती. साधी धिंगरी अळंबी पिकली की डोळ्यांना न दिसणारे लाखो बीजाणू हवेत सोडते आणि बंद खोलीत ते माणसाच्या फुप्फुसात जाऊन बसतात. म्हणून शास्त्रज्ञांनी तिचं बीजाणू तयार करणारं जनुक मुकं करून टाकलं. ही 'निर्बीज' अळंबी पलंगाखाली वाढवा नाहीतर देवघराशेजारी टांगा, काही होत नसे. अट एकच होती. दर खेपेला सरकारी बियाणे केंद्रातून आलेलं बियाण्याचं ताजं पाकीट वापरायचं. पाकिटावर ठळक छापलेलं असायचं, 'जुन्या पिशवीतून पुन्हा लागवड करू नये.'

आता पाकिटांवर काय, हजार गोष्टी छापलेल्या असतात. तीन वर्षांपूर्वी केंद्राची गाडी सलग दोन महिने आली नाही, तेव्हा रोहिणीने जे केलं ते तिची आई आणि सासू जन्मभर करत आल्या होत्या. दही लावायचं तर कालच्यातलं चमचाभर विरजण बाजूला ठेवायचं, त्यात विचारायचं काय? तिने जुन्या पिशवीतला पांढऱ्या तंतूंनी भरलेला मूठभर गोळा नव्या सुतात कालवला. पंधरा दिवसांत पिशवी पांढरीशुभ्र झाली. गाडीची वाट बघून डोळे शिणलेल्या बायका मग वाट्या घेऊन तिच्या दारात आल्या, आणि विरजण मागायला आलेलीला रिकाम्या वाटीने परत पाठवायचं तिच्या रक्तातच नव्हतं. तीन वर्षांत चाळीस घरांत तिचं विरजण गेलं. खोटं कशाला सांगा, तिला त्यात सुखही वाटायचं. जॉबरची बायको यापलीकडे आजवर तिला कुणी ओळखत नव्हतं.

अरविंद, तिचा नवरा, तीस वर्षं जॉबर म्हणून माग दुरुस्त करत हिंडलेला. त्यामुळे तो खोकायचा ते जुनंच होतं. टीव्हीच्या काळ्या काचेवर रोज पांढरी भुकटी साचायची, तीही ती सुताची धूळ म्हणून पुसून टाकायची. या सोमवारी ताप उतरेना म्हणून त्याला दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टर तांबोळीबाईंनी छाती तपासून विचारलं होतं, "माग बंद होऊन किती वर्षं झाली, काकू?"

"चार."

"मग छातीत ही धूळ कुठली?" असं म्हणून त्यांनी एक काळा कागद दिला होता. अळंबीची टोपी त्यावर उपडी ठेवायची, वर वाटी झाकायची आणि दुसऱ्या दिवशी उचलून बघायचं.

हात पुसून रोहिणीने आता ती वाटी उचलली. टोपी बाजूला केली. काळ्या कागदावर पांढऱ्या बारीक रेघा उमटल्या होत्या, मधून बाहेर पसरत गेलेल्या, कुणी बसून रांगोळी काढावी तशा. निर्बीज अळंबीखाली कागद कोरा राहायला हवा होता. तिने बोट फिरवलं. बोटाला लागली ती टीव्हीवरचीच भुकटी.

तिने डॉक्टरांना फोन लावून रेघांचं सांगितलं.

"एकाच बियाण्यावरून किती वेळा लावलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"पंचवीसेक वेळा असंल."

"ते जनुक मुकं केलेलं होतं, काकू, काढून टाकलेलं नव्हतं. दर लावणीला एखादा तंतू बदलतो. बदलत बदलत त्या जनुकाला पुन्हा वाचा फुटली, अळंबी बीजाणू सोडायला लागली. पिशव्या आज घराबाहेर काढा. काकांचं फुप्फुस दगडासारखं घट्ट होत चाललंय. आता थांबवलं तर आहे तिथं थांबेल."

"आणि न्हाई थांबवलं तर?"

"चार-पाच वर्षं. आणखी कुणाला दिलंय का तुम्ही हे?"

रोहिणीच्या डोळ्यांसमोर वाट्या आल्या. स्टीलच्या, पितळेच्या, एक कान तुटलेला कप. हो म्हटलं की उद्या केंद्राची माणसं येणार, चाळीस घरांतल्या पिशव्या उचलून जाळणार. नवी पाकिटं येणार दोन महिन्यांनी, तीही घरटी एक. तोवर पोट भरायचं ते रेशनच्या तीन किलोंवर.

"न्हाई," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला स्वतःची लाज वाटली. इतकी की आतल्या खोलीत अरविंदला पाणी द्यायला गेली तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी दाराशी शुभदा आली. शेजारच्या गल्लीतली, चोवीस वर्षांची, दोन मुलींची आई. हातात वाटी होती.

"काकी, दिवं लागायच्या आत पळत आले बघा. आमची पिशवी बुरशीनं हिरवी पडली. मूठभर विरजण द्या की." एवढं बोलून ती खोकली. तीनदा कोरडं, मग श्वास अडकल्यासारखी थांबली. अरविंद असाच खोकायचा. या पोरीने तर जन्मात मागाच्या खोलीत पाय ठेवला नव्हता.

रोहिणीचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला. बटण दाबलं असतं तर काही बोलावंच लागलं नसतं. दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत हे शुभदालाही ठाऊक होतं, ती मुकाट्याने परत गेली असती. आणि समोरच्या घरात जाऊन तिथलं घेतलं असतं. तेही रोहिणीचंच होतं.

तिने हात खाली घेतला. "आत येऊ नगंस. तिथंच बस," ती म्हणाली, आणि उंबऱ्याशी टेकून तिने सगळं सांगितलं. कागद दाखवला. डॉक्टरांशी आपण खोटं बोललो तेही सांगितलं. "माझ्या हातानं दिलंय मी तुमा सगळ्यांस्नी. आता फोन करून खरं सांगणार हाय. उद्या माणसं येतील, समद्या पिशव्या न्हेतील."

शुभदा बराच वेळ कागदावरच्या रेघा बघत राहिली. मग तिने रोहिणीच्या खांद्यावरून आत टांगलेल्या, नुकत्याच पांढऱ्या होऊ लागलेल्या पिशवीकडे पाहिलं.

"काकी, ह्येनं माणूस जायला किती वर्सं लागत्यात?"

"चार-पाच, म्हणत्यात."

"आणि उपाशी?"

वाटी तिने अजून पुढेच धरली होती.