डासाच्या पोटातली साक्ष

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसलेल्याला कथा निम्मीच पोचते. आज एका सुडाची गोष्ट सांगणार आहे. देवाच्या दारात सुडाचं नाव काढू नये म्हणाल, तर खांबातून नरसिंह प्रकटला तो काही हिरण्यकशिपूची समजूत काढायला नव्हे. तेव्हा संकोच सोडा आणि ऐका.

पूर्वखोऱ्याच्या कीटक-प्रयोगशाळेत त्या सकाळी पेढे आले होते. आज खोरं 'हिवतापमुक्त' ठरायचं होतं.

या कामाला पैसा पुरवायचा तो 'फलनिधी'. कष्ट किती केले हे तो विचारत नसे. फळ दाखवा, पैसे घ्या. रोग घटला तर हप्ता, नाही तर हात हलवत परत. माणसं आकड्यांत खोटं बोलतात म्हणून निधीने माणसांना विचारणंच सोडलं होतं. गावोगावच्या सापळ्यांतले डास इथे यायचे आणि 'रक्तवाचक' नावाचं यंत्र त्यांच्या पोटात हिवतापाचा जंतू आहे का, एवढंच पाहायचं. आज शून्य आलं की मोहिमेचे संचालक यशोधन साबडे यांना बढती, आणि खोऱ्यातल्या उरल्यासुरल्या हिवतापाच्या गोळ्या दुसऱ्या मुलखाला रवाना.

हे यंत्र घडवलं होतं डॉ. मैना पुंगाटीने. ती याच खोऱ्यातली. तिच्या बहिणीची लेक चिन्नी गेल्या श्रावणात तापाने फणफणून गेली. उपकेंद्रातल्या सिस्टरकडे गोळी नव्हती. 'शून्य गावाला पुरवठा नाही', म्हणजे जिथल्या डासांत जंतू सापडला नाही त्या गावाला गोळ्या नाहीत, हा साबड्यांचा हुकूम. मरणाचं कारण लिहिलं गेलं, साधा ताप. त्या दिवसापासून मैनाने एकच व्रत धरलं होतं. या माणसाला त्याच्याच शून्यात बुडवायचं.

"सगळे डास स्वच्छ," निधीच्या परीक्षक डॉ. फिलोमिना डाबरे पडद्याकडे पाहत म्हणाल्या. "मैना, सही करू ना?"

"थांबा बाई. यंत्राला आणखी एक प्रश्न विचारू. डास चावला कोणाला?"

"ते कळतं?"

"चावल्यावर दीड-दोन दिवस कळतं. पोटातल्या रक्तात माणसाच्या पेशी असतात, आणि प्रत्येकाचा ठसा वेगळा. आपण आजवर विचारलं नाही, म्हणून यंत्र बोललं नाही."

"पुंगाटी मॅडम," साबडे पेढ्यांचा खोका घेऊन आत आले, "आजच्या दिवशी तरी तोंड गोड करा. शून्य आलंय, शून्य! डासांची जनगणना नंतर करू."

डाबरेबाईंनी पेढा घेतला, पण सही केली नाही. "विचार गं," त्या म्हणाल्या.

यंत्र गुरगुरलं. नदीअलीकडच्या गावातले डास एका माणसाला चावलेले. नदीपलीकडच्या गावातलेही त्यालाच. डोंगरमाथ्यावरचे, पार सीमेवरचे, सगळ्यांच्या पोटात एकाच माणसाचं रक्त!

"अगंबाई," डाबरेबाई म्हणाल्या, "हा कोण कुंभकर्ण, साऱ्या खोऱ्यात एकदम निजलेला?"

"डास एवढा लांब उडत नाही. हे डास एकाच जागी पाळलेत, रक्त पाजून वाढवलेत आणि सापळ्यांत नेऊन सोडलेत."

"यंत्र बिघडलंय," साबडे म्हणाले. पण खोका त्यांनी खाली ठेवला.

सापळे हाताळताना कर्मचाऱ्यांनाही डास चावतात, पुढेमागे ते वगळता यावेत म्हणून यंत्र घडवतानाच सगळ्यांचे ठसे त्यात भरून ठेवले होते. मैनाने जुळवणी सुरू केली. पडद्यावर नाव उमटलं.

मैना पुंगाटी.

साबडे टाळी वाजवून हसले. "घ्या! चोर तर घरातच निघाला. लहान मूल गेलं, त्याचा राग माझ्यावर काढायला हे कुभांड? बाई, हिला आत्ताच्या आत्ता निलंबित करा."

मैनाने नाव पुन्हा वाचलं. हे तिलाही नवं होतं. तिने दंडाकडे पाहिलं आणि तिथेच तिची नजर खिळली.

"माझं रक्त एकदाच अंगाबाहेर गेलंय, साहेब. तुमच्या वाढदिवसाच्या रक्तदान शिबिरात."

"दंडावर डास पोसलेस, आणि नाव माझ्या शिबिराचं?"

"ठीक. पिशवीतलं रक्त गोठू नये म्हणून त्यात क्षार घालतात. दंडावर चावलेल्या डासाच्या पोटात तो कुठून येणार?"

यंत्राने क्षार शोधला. एकूण एक डासात सापडला.

साबड्यांच्या कपाळावर घाम आला. डाबरेबाई मात्र अजून विचारात होत्या. "शिबिरात पिशव्या ढीगभर जमल्या असतील. मग साऱ्या डासांना हिचीच का पाजली?"

उत्तर मैनाच्या ओठांवर हळूहळू आलं. "मी इथे जिवंत जंतू हाताळते, म्हणून नियमाने गोळी घेते. बाकीचे गावांत राहतात. ताप नसला तरी जंतू रक्तात दडून राहतो. यांना जंतू नसलेलं रक्त हवं होतं, बाई. अख्ख्या शिबिरात स्वच्छ पिशवी एकच निघाली."

मग मैना साबड्यांकडे वळली.

"फोटोसाठी पहिली पिशवी तुम्ही दिली होतीत ना? ती का नाही चालली?"

साबड्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पिशव्या तपासायचं काम त्यांनी शिपायावर सोपवलं होतं. 'चालेल ती घे', एवढंच सांगितलं होतं. आपली का चालली नाही, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

डाबरेबाईंनी त्यांचं बोट धरून सुई टोचली. थेंब यंत्रात गेला. पडदा लाल झाला, जंतू निघाला.

"मैना, अगं..." साबडे खाली बसले. "गोळी दे. पण नाव नको लिहू."

"नाव लिहिल्याशिवाय गोळी सुटत नाही. नियम तुमचा."

"मी शहरात जाऊन घेईन."

"घ्या. रुग्ण राहतो तिथेच मोजायचा, हाही तुमचाच नियम. रुग्ण आढळला की खोऱ्याचा पुरवठा पुन्हा सुरू, हा मात्र निधीचा."

तिने मोठ्याने वाचत लिहिलं. "हिवतापाचा रुग्ण, यशोधन साबडे. राहणार पूर्वखोरे." बढती गेली, शून्य गेलं, आणि पेढ्यांना मुंग्या लागल्या. मैनाने गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि समोर उभी राहिली.

"कडू आहे," साबडे पुटपुटले.

"असेल. आमच्या चिन्नीला चव कळलीच नाही."

मंडळी, त्या खोऱ्यात आता घरोघरी गोळ्या पोचतात. साबड्यांचं काय झालं ते देव आणि न्यायाधीश जाणोत, मला त्यात गोडी नाही. एक विनवणी आहे. आज घरी देवापुढे दिवा लावाल तेव्हा चिन्नीचं नाव घ्या. जिला कोणी मोजलं नाही, तिला आपण तरी आठवू.