रोलंडची घंटा

दिवा राहू दे मंद. बसा पोरांनो, शिफ्ट लांब आहे. ही गोष्ट आयनारची. याच डेटा सेंटरमध्ये तो माझ्याबरोबर कितीतरी वर्षं होता. थापा मारणाऱ्यातला नव्हता, मुळात बोलायचाच कमी.

त्याचा जोडीदार रोलंड. दोघांनी एकाच सर्व्हरमध्ये दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरचीच दोन यंत्रं, उभी केली होती, एका घरात दोन बिऱ्हाडं असावीत तशी. रोलंडचं मशीन सर्व्हर ठेवलेल्या हॉलमधल्या हवेवर नजर ठेवायचं. काही बिघडलं की ते सॉफ्टवेअरमधलीच एक घंटा वाजवायचं. त्या घंटेने आयनारचं मशीन झोपेतून उठायचं आणि दाराबाहेरचा भोंगा वाजवायचं. घंटा ऐकणाऱ्याने उलट घंटा द्यायचीच, हा रोलंडचा हट्ट. "ओ दिली नाहीस तर तू मेलास असं धरीन हां," म्हणायचा.

फेब्रुवारीत रोलंडच गेला. झोपेत.

नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. कोलंबिया नदीवरून बोचरं वारं सुटलेलं. नवी अलार्म यंत्रणा बसली होती, म्हणून मॅनेजर जनेलने आयनारला रोलंडचं मशीन पुसून टाकायला सांगितलं. त्याच्या जिवावर आलं, पण काम ते काम. आधी त्याने आपल्या मशीनवर येणारी घंटा बंद केली, रोलंडचं मशीन पुसलं, घंटा परत चालू केली. सगळं शांत. मग शेवटच्या रांगेतली एक केबल काढायला तो एकटाच हॉलमध्ये गेला.

वाकला तर डोकं जड झालं. वाटलं, वय झालं आपलं. जरा टेकला. बरं वाटलं... फारच बरं वाटलं. डोळे मिटले.

भोंगा.

दोनदा, भरभर. मग... थांबून एक.

कॉफी झाली की रोलंड टेबलावर असंच ठोकायचा.

आयनारला राग आला. कोण चेष्टा करतंय? भिंत धरत उठला. दारापर्यंत आला. बाहेर पडला. दार मिटलं. आणि तिथेच कोसळला.

आत आग विझवायचा वायू गळत होता. रंग नाही, वास नाही. नवी यंत्रणा गप्प. अजून थोडा वेळ बसला असता तर उठलाच नसता.

जनेल धावत आली, चेहरा पांढरा पडलेला. म्हणाली, "जुनी घंटा अडकून राहिली असेल, आयनार. बंद असताना वाजलेली मागाहून पोचते, तुम्हाला माहीतच आहे."

"एकच पोचते," आयनार म्हणाला. "तीही चालू करताक्षणी. बंद असताना शंभरदा वाजवली तरी एकच शिल्लक राहते. भोंगा तीनदा वाजला."

जनेलने तो सर्व्हरच बंद करायला सांगितलं.

सर्व्हरची वायर काढायच्या आधी आयनार खुर्चीत बसला. आपल्या मशीनवरून त्याने उलट घंटा दिली... रोलंडच्या मशीनच्या नंबरला. पुसलेल्या. असं मशीनच नाही, एवढंच उत्तर यायला हवं होतं.

मी त्याच्या मागेच उभा होतो. पडद्यावर उमटलं...

पोचली.