उत्तरार्धातलं हसू

सिनेमा सुरू होऊन तास उलटला, तरी पडद्यावरची दोन माणसं खुर्चीतून उठली नव्हती.

सदा कडू मात्र आपल्या खुर्चीत सारखी बैठक बदलत होता. एस.टी.त एकतीस वर्षं कंडक्टरी केलेला माणूस. एका जागी बसणं त्याला जमायचंच नाही. पडद्यावर एक पोलीस अधिकारी आणि मिठागराचा एक राखणदार समोरासमोर बसून बोलत होते. बोलतच होते. खून झाला होता म्हणे, पण तो कुणी दाखवत नव्हतं. उरणच्या त्या मंगल कार्यालयात भर दुपारी जमलेली साठेक माणसं चुळबुळत होती. कुणी मोबाइल उघडत होतं, कुणी चपलेनं फरशी घासत होतं. मागून एक आवाज आला, "अरं, पकरा कुनाला तरी आता!"

सदा उठून गेला नाही, तो शेजारी बसलेल्या सगुणाबाईमुळे. ही गोष्ट तिच्या नवऱ्याची होती.

बुधाजी मिठागराच्या उघाडीवर राखण करायचा. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी अडवणारं दार. अकरा वर्षांपूर्वी उधाणाच्या भरतीला ते दार उघडं राहिलं, मिठागरं बुडाली आणि सकाळी बुधाजी खाडीत सापडला. दारूच्या नशेत दार उघडं टाकून पडला, असं गावकीनं ठरवून टाकलं. ज्यानं आयुष्यात थेंब चाखला नाही, तो मेल्यावर दारुडा झाला.

मध्यंतरात दिग्दर्शिका मृणाल पडद्यासमोर आली. "सिनेमा संपल्यावर कुणी जाऊ नका. बुधाजींचा जुना फोन दुरुस्त झालाय. मरायच्या आदल्या दिवशी त्यांनी त्यात एक बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. ते आज इथे पहिल्यांदा ऐकवणार आहोत."

सगुणाबाईनं पदर घट्ट धरला.

उत्तरार्धही बोलण्यातच चालला. लोक हसले ते एकदाच. अधिकारी चौकशी करता करता समोरच्या वाडग्यातले मिठाचे जाडे खडे साखर समजून चहात ढवळतो, घोट घेतो आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणतो, "समुद्राला साक्षीदार लागत नाहीत." अख्खं सभागृह खदखदलं. सदाही हसला.

सिनेमा संपला. मृणाल मंचामागच्या खोलीत गेली आणि धावतच परत आली.

फोन नव्हता.

*

सदानं बोलावलेली प्राप्ती घरत अर्ध्या तासात कार्यालयात पोचली. पूर्वी ती विमा कंपन्यांसाठी चोरीचे दावे तपासायची. आता स्वतंत्रपणे तेच काम करत होती. निवृत्तीनंतर सदा तिच्यासोबत फिरायचा. डोक्यानं नाही, तरी ओळखीनं उपयोगी पडायचा.

"कार्यालयाचं फाटक लगेच बंद केलं, ताई," तो म्हणाला. "सगल्यांनी आपनहून खिसे, पिशव्या दाखवल्या. कुनाकडं न्हाय."

"फोन कुठे ठेवलाय हे कुणाला माहीत होतं?"

"मला आणि तिघांना," मृणाल म्हणाली. "हर्षद, माझा नट. हितेश, त्यांनी शूटिंगला गाड्या दिल्या, जेवण दिलं. आणि या कार्यालयाचे व्यवस्थापक जीवन. मध्यंतरानंतर मी फोन त्यांच्यासमोरच टेबलाच्या खणात ठेवला. मग मी पहिल्या रांगेत बसले."

"त्यातलं बोलणं दुसरीकडे उतरवून घेतलं नाही?"

मृणालनं मान खाली घातली. "फोन काल रात्रीच सुरू झाला. मी तारीख पाहिली, वाऱ्याच्या आवाजात एखाद-दोन शब्द ऐकले आणि थांबवलं. सगुणामावशी ते ऐकतात तो क्षण मला कॅमेऱ्यात हवा होता."

सदाला तिचा राग आला. बाईच्या अकरा वर्षांचा हिला क्षण हवा होता!

प्राप्ती मंचामागच्या खोलीत गेली. लग्नाच्या दिवशी नवरी जिथे नटायची ती ही खोली. आरसा, टेबल, कुलूप उचकटलेला खण. भिंतीशी मिठाचं अर्धं पोतं; प्रवेशदाराशी सजावटीला मिठाची रास मांडली होती, त्यातलं उरलेलं. एक दार मागच्या पडवीत उघडत होतं. सभागृहाच्या बाजूला पडद्याची पाठ. मागच्या खिडकीचा उजेड येऊ नये म्हणून त्या पाठीवर काळं जाड कापड ठोकलं होतं. जीवन वरच्या खोलीत प्रोजेक्टरचं यंत्र तपासत होता. सिनेमातली चौकशी पुन्हा सुरू झाली आणि खोलीत तिचा शब्द न शब्द स्वच्छ ऐकू आला.

"पुन्हा तेच गुऱ्हाळ," सदा पुटपुटला.

प्राप्तीनं प्रेक्षकांनी लिहिलेल्या अभिप्रायांच्या चिठ्ठ्या मागवल्या. 'फार बोलतात.' 'झोप लागली.' 'खुनी कोण ते शेवटपर्यंत समजलं नाही.' 'चहात मीठ, तेवढंच आवडलं.' चहाचा उल्लेख पंधरा-वीस चिठ्ठ्यांत होता. मृणालला ते वाचून वाईट वाटलं असावं. "ते मी लिहिलेलंसुद्धा नव्हतं," ती म्हणाली. "चित्रीकरणात हर्षदनं चुकून मीठ घेतलं आणि तसंच पुढे बोलत राहिला. मी ते ठेवून दिलं."

*

जीवन घाम पुसत खाली आला.

"मी वरच व्हतो, यंत्रापाशी. त्या खोलीत पंखा असा घरघरतो की बोलनं काय कलत न्हाय. भोकातून चित्र बघत बसलो."

"कंटाळा आला?"

"खोटं कशाला बोलू? आला. त्या सायबानं चहात मीठ टाकलं, तवा जरा बरं वाटलं."

"बुधाजींची गोष्ट तुम्हाला ठाऊक होती?"

जीवननं नजर चुकवली. "माझं वडील तवा गावकीत पंच व्हते. त्यांनीच निकाल दिला."

जाता जाता तो दारात थांबला. "मॅडम, ती खोली आवरू का? पोतं हितेशशेठना द्यायचंय. नारलाच्या बुंध्याला मीठ घालायला मागितलंय त्यांनी. आताच नेतो म्हनतात."

"माझं होईपर्यंत राहू दे सगळं," प्राप्ती म्हणाली.

मग हर्षद. उंच, फिकट, बोटांनी सतत काहीतरी कुरतडणारा. मध्यंतरानंतर तो सभागृहात नव्हताच.

"मला स्वतःला बघवत नाही. समोरच्या टपरीवर उभा होतो. कंटेनरचे ट्रेलर जात होते एकामागून एक. आतलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मग एकदम हसण्याचा स्फोट झाला." त्यानं दातानं नख तोडलं. "इतका गंभीर सिनेमा, आणि लोक मला हसले! तिथून निघूनच जाणार होतो."

"फोन ऐकवायला तुमचा विरोध होता म्हणे."

"होता. खरा आवाज ऐकल्यावर माझ्या कामाकडे कोण बघणार?"

तो गेल्यावर सदा तिच्या कानाशी लागला. "ताई, ह्योच. एकटा भायेर, साक्षीला कोन न्हाय, आनि पोटात आग."

"बघू. हितेशना बोलवा."

हितेश पांढऱ्या कपड्यांत, हसतमुख. मनगटावरचं जाड घड्याळ रुमालानं पुसत बसला.

"मॅडम, पिक्चर एकदम कडक! लोकांना पेशन्स नाही, त्याला काय करणार? मी शेवटच्या रांगेत होतो. एक मिनिट नजर हटवली नाही."

"सगळ्यात काय आवडलं?"

"डायलॉग! आपल्याकडे असं लिहितंय कोण? 'समुद्राला साक्षीदार लागत नाहीत.' काय टोला आहे! पब्लिकने तर हॉल डोक्यावर घेतला."

"हो का? त्या वाक्याला हसले?"

"मग काय! मी स्क्रिप्ट वाचली तेव्हाच मृणालला बोललो होतो, ह्या लाइनला रिस्पॉन्स येणार."

"मिठागरं बुडाली त्या भागात तुमचं काही होतं?"

"तेव्हा काही नव्हतं. आता आपला कंटेनर यार्ड आहे तिकडे. बुडीत जमीन स्वस्तात मिळाली." तो उठला. "आणखी किती वेळ, मॅडम? गाडी लावून ठेवलीय."

"पाच मिनिटं," प्राप्ती म्हणाली. "सगळ्यांनीच या."

*

नवरीच्या त्या खोलीत सहा-सात माणसं दाटीवाटीनं उभी राहिली. सगुणाबाईला एकुलत्या खुर्चीत बसवलं. सदाचे पाय इथेही ठरत नव्हते.

"मी सिनेमा पाहिलेला नाही," प्राप्तीनं सुरुवात केली. "म्हणून सगळ्यांना विचारत सुटले. उत्तरार्धात लोक एकदाच हसले. त्या हसण्याच्या वेळी कोण कुठे होतं, ते मला तुमच्याच बोलण्यातून कळलं."

हितेशनं घड्याळाकडे पाहिलं.

"जीवन वर होते. त्यांना चित्र दिसत होतं, बोलणं कळत नव्हतं. त्यांना आठवला तो चहा. हर्षद रस्त्यापलीकडे होते. त्यांना चित्र नाही, शब्दही नाहीत. नुसतं हसणं ऐकू आलं आणि ते स्वतःवर घेऊन बसले. सभागृहातल्या माणसांना दोन्ही मिळालं. त्यांनी काय लिहिलं? चहात मीठ. त्या वाक्याचं नाव एकाही चिठ्ठीत नाही." ती वळली. "हितेशशेठ, तुम्हाला वाक्य अक्षरशः आठवतं. लोक हसलेले आठवतात. मग ते कशाला हसले, ते तुम्ही पाहिलं कसं नाही?"

हितेश हसला. "एवढंच? खाली बघितलं असेल तेव्हा."

"नजर हटवली नाही म्हणालात. तुम्ही शेवटच्या रांगेत असता, तर शेजारच्यांच्या तोंडी चहाच ऐकला असता. स्क्रिप्टमध्ये चहा नव्हता, कारण ते चित्रीकरणात आयत्या वेळी घडलं. म्हणून हसू आल्याबरोबर तुम्ही ते कानावर पडलेल्या वाक्याला जोडून दिलं. सिनेमा सगळा बोलण्याचा. नुसता ऐकला तरी पाहिल्यासारखा सांगता येईल, अशी तुमची खात्री होती. शब्द स्वच्छ ऐकू येतात पण चित्र दिसत नाही, अशी या कार्यालयात एकच जागा आहे." तिनं काळ्या कापडावर बोट टेकवलं. "ही."

"पन ताई," सदाच्या तोंडून निघून गेलं, "डोलं मिटून बसला आसंल तर? आमी बी मिटलंवतं."

"बरोबर. तेवढ्यावर कुणाला चोर म्हणता येत नाही. पण फोन गेला कुठे? फाटक बंद झालं, झडती झाली, तो कुणाकडेच नव्हता. म्हणजे ज्यानं काढला त्यानं तो अंगावर सापडू नये म्हणून इथेच ठेवला, आणि नंतर राजरोस नेण्याची सोय केली. आज या खोलीतून एकाच माणसानं एकच वस्तू मागितली आहे. तीही घाईनं."

जीवनचे डोळे विस्फारले. "पोतं!"

सदा तोवर गुडघ्यावर बसला होता. त्यानं दोन्ही हात कोपरापर्यंत मिठात घातले. खडे नखांत शिरले, जुन्या जखमेवर झोंबले. मग बोटांना प्लास्टिकची पिशवी लागली. आत बटणांचा जुना काळा फोन होता.

हितेश दाराकडे सरकला. पडवीत मृणालची माणसं उभी होती.

"गाड्या, जेवण दिलंत ते गोष्टीत खुन्याचं नाव नव्हतं म्हणून," प्राप्ती म्हणाली. "नुसती बडबड, होऊ दे, असं वाटलं तुम्हाला. मध्यंतरात आवाजाचं कळलं आणि बसवेना."

तिनं फोन सगुणाबाईच्या हातात दिला. "मावशी, तुम्ही म्हणाल तर लावते. कॅमेरा नाही."

सगुणाबाईनं मान डोलावली.

आधी वारा ऐकू आला. मग एक तरुण, घाईचा आवाज. "उद्या भरतीला तू घरी जा, बुधाजी. उघाडीचं मी बघतो. कुणाला कळणार नाही." आणि त्यावर सावकाश, जड आवाज, "न्हाय, हितेश. दार उघरलं तं चारशे मानसांचं मीठ जाईल. मी जागचा हालनार न्हाय."

अकरा वर्षांत हितेशचा आवाज थोडा जाड झाला होता, एवढंच.

हितेशचा चेहरा उतरला. "मी मारला नाही त्याला," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "झटापट झाली. तो घसरला."

"म्हंजे तू तितं व्हतास," सगुणाबाई म्हणाली.

तिनं आवाज चढवला नाही. पण हितेश भिंतीला टेकला आणि पोलिसांची गाडी येईपर्यंत तिथून हलला नाही.

दिवेलागणीला त्याला घेऊन गेले. पंचनामा झाला, फोन पोलिसांनी मोहोरबंद केला, त्यातलं बोलणं मात्र प्राप्तीनं त्यांच्यासमोरच उतरवून घेतलं होतं. मृणालनं विचारलं, बाहेर अजून वीस-पंचवीस माणसं थांबलीत, त्यांना ऐकवायचं का?

"नको," सगुणाबाई उठत म्हणाली. "सदा, उद्या गावकी बशीव. तुजे बापाला बी आन, जीवन. जितं त्याला दारुडा म्हनलं, तितंच लावायचं."

जीवननं खुर्ची बाजूला सारून तिला वाट करून दिली. मग तो म्हणाला, "आनतो. त्यांना चालवत न्हाय आता. उचलून आनतो."