मागच्यानं फाटक लावायचं

उद्या सायकली घेऊन वरच्या खडीच्या रस्त्यानं जायचं ठरवताय ना? जा की. गाडी नाही, धूर नाही, हॉर्न नाही. पण त्याआधी आमच्या शेजारच्या सायकलवाल्याचं ऐकून ठेवा. त्याची आमची भिंत एकच. भिंतीला भिंत असली की कान लावावे लागत नाहीत, आपोआप ऐकू येतं. आणि जे आलं नाही ते मी नंतर विचारून घेतलं. माझ्या पदरचं यात काही नाही.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. डोंगरावरच्या गेस्ट हाऊसमधून मालकीणबाईंचा फोन आला. एका पाहुण्याच्या सायकलचं चाक दुपारीच दुकानात टाकलेलं होतं. "सकाळी सगळे लवकर निघणार आहेत हो. चाक रात्रीच पोचवाल का?"

सायकलवाल्यानं चाकाचा आऊट काढला, म्हणजे वाकलेलं चाक सरळ केलं, बोटानं फिरवून पाहिलं, दोरीनं पाठीला बांधलं. चढाचा त्याला कधीच विचार पडत नसे. पन्नाशीला आला तरी त्या डोंगरावर त्याच्या पुढे कोणी जात नव्हतं, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

तेवढ्यात मेहुणा बाहेर आला. बायकोचा धाकटा भाऊ. बेकरीत कामाला, स्वभावानं गोड, अंगानं भरलेला. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं म्हणून त्यानं नवी सायकल घेतली होती.

"दाजी, मी पण येतो."

"तू? अरे, चढावर सायकल तुला नेणार की तू सायकलला?"

"आम्ही दोघं एकमेकांना सांभाळून घेतो, दाजी. तुम्ही तुमचं बघा."

बायको दारात आली. भावाच्या गळ्याभोवती तिनं मफलर गुंडाळला आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, त्याला पुढं घाला हं. तुमचे पाय एकदा फिरायला लागले की मागचं भान राहत नाही तुम्हाला. आईनं माझ्या भरवशावर पाठवलाय त्याला."

"तुझा भाऊ काय काचेचा आहे? आणतो अख्खा."

हे मी माझ्या खिडकीतून ऐकलं. बाईंना 'दोघं येतोय' म्हणून फोन केला आणि निघाले.

आता त्या रस्त्याची रीत सांगतो. तिथं गुरं मोकळी चरतात. म्हणून रस्त्यावर ठिकठिकाणी लोखंडी फाटकं आहेत, पायथ्यापासून माथ्यापर्यंत पाच. फाटक उघडलं की लावायचं. घोळका असला तर पुढच्यानं उघडायचं आणि मागच्यानं लावायचं. कडी जड आहे. पडली की खण्ण वाजते, आणि थंडीच्या रात्री तो आवाज दरीभर फिरतो.

पहिल्या फाटकापर्यंत सायकलवाल्यानं बायकोचं ऐकलं. मेहुण्याला पुढं घातलं. पण मेहुणा कसला पुढं जातोय! दहा पावलं चालवायचा, थांबायचा, पाणी प्यायचा, आभाळाकडं बघून "काय चांदण्या आहेत हो दाजी" म्हणायचा. सायकलवाल्याचे पाय गार पडायला लागले.

"हे बघ, असं गेलो तर चाक पोचेपर्यंत पाहुणा पायी निघून जाईल. मी पुढं होतो. फाटकं मी उघडी टाकतो, तू लावत ये. कडी वाजली की मला कळेल तू मागं आहेस."

"दाजी, अंधार आहे हो..."

"रस्ता एकच आहे. चुकायचं म्हटलंस तरी चुकता येणार नाही तुला."

आणि सुटला. पाय फिरायला लागले. एका वळणावर खालून हाक आली. "दाजी!" जरा लांबलेली. हा हसला. थांबा म्हणत असेल.

"ओरडू नको!" यानं वरून सांगितलं. "दम वाचव, चढाला लागेल!"

पुन्हा हाक आली नाही.

दुसरं फाटक उघडं टाकून तो थोडा पुढं गेला आणि थांबला. एवढं तरी केलं. वाट पाहिली. मग खाली कडी पडली. खण्ण. दरी बोलली.

"आलास का?"

उत्तर नाही. दम लागला असेल, बोलवत नसेल. हा निघाला.

तिसरं फाटक उघडलं, पार झाला. अर्ध्या वळणावर होता तोच कडी वाजली. खण्ण. लवकर वाजली. त्याला कौतुक वाटलं.

"वा पाहुणे! पाय सुटले की तुमचे! बेकरीवाल्याला सांगतो, पगार वाढवा म्हणून!"

गप्प.

एरवी मेहुणा एका टोमण्याला दोन परत करायचा. रागावला असेल, म्हटलं. रागावू दे.

चौथं फाटक. उघडलं. सायकल आत घेतली. टांग टाकली. आणि पाठीमागे...

खण्ण.

इतक्या जवळ. पाठीवरच्या चाकाच्या तारा थरथरल्या.

तो थांबला. तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं. खडीवर चाक गप्प बसत नाही. करकरतं. कितीही जपून चालवा, करकरतंच. आणि मागं इतका वेळ काहीच करकरलं नव्हतं. दम ऐकू आला नव्हता. खोकला नाही. साखळीसुद्धा नाही. नुसती कडी.

त्यानं दिवा मागं वळवला. फाटक लागलेलं. अलीकडं कोणी नाही. पलीकडं कोणी नाही. कडी मात्र अजून हलत होती.

"अरे..."

...

"चेष्टा पुरे हं."

...

मेहुण्याकडं जायचं तर हेच फाटक उघडायला हवं होतं. त्या कडीला हात लावायला हवा होता. पोरांनो, चार पावलं होती. चारच. त्यानं नाही टाकली. सायकल वर वळवली आणि पळाला.

पाचव्या फाटकाशी रीत मोडली. यावेळी स्वतः लावलं. कडी घातली. दाबून पाहिली. मागं न बघता निघाला.

गेस्ट हाऊसचा दिवा दिसला.

आणि मागं, घातलेली कडी...

हळूच उचलली गेली.

आणि पडली.

मालकीणबाईंनी दार उघडलं. चाक घेतलं, गरम पाणी दिलं. "दोघं येणार होतात ना?"

सायकलवाल्यानं पाण्याचा पेला दोन्ही हातांत घट्ट धरला. काय सांगणार? भ्यालो म्हणून? त्या डोंगरावर ज्याच्या पुढं कोणी जात नाही, तो भ्याला?

"येतोय मागून," तो म्हणाला.

बाई झोपायला गेल्या. हा पायरीवर बसून राहिला. रात्रभर. उजाडायला आलं तेव्हा त्यांना उठवलं आणि खरं सांगितलं.

मेहुणा दुसऱ्या फाटकाशी सापडला. खालच्या बाजूला. त्या हाकेच्या वळणावर तो घसरून पडला होता, मांडीचं हाड मोडलं होतं. तिथून पोटावर सरकत वर आला होता. खडीवर तसा पट्टा उमटला होता. फाटकाच्या पलीकडं, थोडंसंच वर, गुराख्याची झोपडी. आत चूल रात्रभर धुमसत होती. फाटक उघडं असतं तर सरकत का होईना, पोचला असता. कडी उभ्या माणसाच्या छातीशी. त्याचा हात खालच्या दांडीला धरलेला, तसाच आखडलेला. मफलर दातांत.

गुराखी रडत म्हणाला, "फाटक उघडं राहिलं तर मी उठतोच, बाई. गुरं जातात. पण कडी वाजली. म्हटलं, लावलं कुणीतरी भल्या माणसानं. कूस बदलली आणि झोपलो."

डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत जिवंत असावा.

त्या दुपारी आमच्या भिंतीपलीकडं रडणं नव्हतं. बायकोनं नवऱ्याला एकच विचारलं, तेही हळू आवाजात.

"पुढं कोण होतं?"

त्यानंतर ती माहेरी गेली ती गेलीच.

संध्याकाळी तो आपली सायकल आणायला गेस्ट हाऊसवर गेला. दोन माणसं सोबत होती, त्यांतला एक मी. त्याची सायकल पायरीजवळ होती. तिला टेकून मेहुण्याची नवी सायकल उभी होती. बाई म्हणाल्या, सकाळपासून इथंच आहे, मला वाटलं खाली शोधायला गेलेल्यांतल्या कुणीतरी आणून ठेवली.

तिची साखळी तुटलेली होती. पुढचं चाक इतकं वाकलेलं की फिरतच नव्हतं.

मेहुणा बुटका होता. सायकलवाला चांगला उंच. सवयीनं म्हणा, भ्रमिष्टपणे म्हणा, तो त्या सायकलवर बसायला गेला. बसता येईना. सीटची दांडी शेवटच्या खुणेपर्यंत वर काढून कोणीतरी घट्ट आवळली होती. आम्ही दोघांनी धरून त्याला वर चढवलं.

त्याचे पाय पॅडलपर्यंत पोचत नव्हते.