तंबूतला श्वास

डोकं दुखलं तर गोळी द्यायची आणि पुढे चालायचं, असं मघाशी कोण म्हणालं रे? तू ना? नकाशा ठेव जरा बाजूला. हिमालयात जायचंय ना तुम्हाला, जरूर जा. पण आमच्या चष्मेवाल्याचं काय झालं ते ऐकून जा.

माझ्या वरच्या मजल्यावर राहायचा तो. खाली चौकात चष्म्यांचं दुकान. बायको नव्हती, पोर नव्हतं, डोंगर हाच संसार. आणि त्याचा जोडीदार म्हणजे बेकरीवाला. आडवातिडवा गडी, हसला की पोट आधी हलायचं. डोंगरात मध्यरात्री उठून निघायचं म्हणजे सगळ्यांच्या जिवावर येतं. याचा तर तो धंदाच! भट्टी पेटवायच्या वेळेला आपोआप डोळा उघडायचा, आणि मग हा बाकीच्यांच्या पायाची बोटं ओढून त्यांना उठवायचा.

तो बेकरीवाला एका चढाईत वरच राहिला. चष्मेवाला एकटा परत आला.

पुढच्या वर्षी, मे महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी, दिवेलागणीनंतर, चष्मेवाला बेकरीत गेला. काम साधंच होतं. नव्या पोरांना घेऊन पुन्हा वर जायचं ठरत होतं आणि दोघांचा जुना तंबू बेकरीवाल्याच्या घरी पडून होता. तो हवा होता.

वहिनी दुकान आवरत होत्या. नवऱ्यामागे बेकरी त्याच बघायच्या.

"माळ्यावर आहे," त्या म्हणाल्या. "सामान आलं तसाच टाकलाय. मी उघडलासुद्धा नाही."

"मी काढतो, वहिनी."

तो तंबू घेऊन उतरला तेव्हा त्या दारात उभ्या होत्या.

"भाऊजी, एक विचारू? ते स्वतःहूनच थांबले होते ना मागे?"

"हो. मला म्हणाला, तू हो पुढे, मी जरा झोपतो."

"मग ठीक," वहिनी म्हणाल्या. हा प्रश्न त्यांनी आधीही विचारला होता, आणि उत्तरही दर वेळी हेच मिळालं होतं.

घरी येऊन त्याने बाहेरच्या खोलीत तंबू उभा केला. कुठे फाटलाय का, चेन नीट चालते का, सगळं बघितलं. चेन उघडीच ठेवली, वास जावा म्हणून. उकाडा असा की भिंतीला हात लावला तर चटका बसावा. पंखा लावून आतल्या खोलीत आडवा झाला.

जाग आली ती आवाजाने.

चेन.

हळूहळू कुणीतरी तंबूची चेन लावत होतं. आतून.

उंदीर असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. उंदीर चेन लावत नाही, हे त्यालाही कळत होतं. तो दारापर्यंत गेला. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड तंबूवर पडला होता. कापड बंद. आणि आत...

श्वास.

दोन-तीन भराभर. छातीत पाणी खळखळावं तसे. मग... काहीच नाही. मग पुन्हा.

हा श्वास त्याला ओळखीचा होता. वरच्या तळावर रात्रभर त्याने तो ऐकला होता. अगदी शेजारी, उजव्या अंगाला पडून.

कारण पोरांनो, बेकरीवाला स्वतःहून थांबला नव्हता. बाकीचे खालच्या तळावर, वर हे दोघंच. संध्याकाळीच त्याचं डोकं फुटायला आलं होतं, बुटाची नाडी बांधता येईना, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात होता. "मला खाली ने रे," म्हणाला. त्याच वेळी उतरवला असता तर वाचला असता. पण शिखर समोर दिसत होतं. चष्मेवाला म्हणाला, "सकाळी बघू." रात्री तो पुन्हा म्हणाला, खाली ने. "सकाळी." मग निघायची वेळ झाली. जो सगळ्यांना उठवायचा, तो उठलाच नाही. आणि हा त्याच्या अंगावर पांघरूण सारखं करून... शिखरावर गेला.

परत आला तेव्हा तंबूत आवाज नव्हता.

आता होता.

दोन श्वास. थांबला.

पुन्हा दोन.

पंख्याची घरघर. बाकी गल्ली चिडीचूप.

मग तंबूतून, घोगरा, दमलेला...

"झाली का रे... सकाळ?"

चष्मेवाला भिंतीला धरून खाली बसला. म्हणाला, "झाली. चल... उतरू या."

आत श्वास थांबला. मग पुन्हा आलाच नाही.

तो तसाच अनवाणी बेकरीत गेला. भट्टी पेटली होती, वहिनी पावाचं पीठ मळत होत्या. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. नाडीचं, श्वासांचं, शिखराचं. वहिनींचे हात पिठातच राहिले.

"दर वेळी विचारलं मी तुम्हाला," त्या म्हणाल्या. "दर वेळी."

"वहिनी, मी..."

"तंबू आणून द्या माझा. आत्ता."

तो पुन्हा डोंगरात गेला नाही. नव्या पोरांना नाही म्हणाला, का ते नीट सांगितलं. वहिनी त्याला पाव देतात, पण बोलत नाहीत. त्यांनी बोलावं असं मीही कधी सुचवलं नाही. कुठल्या तोंडाने सुचवणार?

पण त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. एकट्याने त्या खोलीत जायची त्याची छाती होईना, म्हणून त्याने माझं दार ठोठावलं. मी गेलो. खोली तापलेली, माझा सदरा पाठीला चिकटला. तंबूची चेन बंद होती. ती मी उघडली आणि आत वाकलो.

छताच्या डाव्या अंगाला आतून पांढरा थर होता. चुना असेल म्हणून नख लावलं. बर्फ होता, पोरांनो. थंडीत वर माणूस झोपला की त्याचा श्वास कापडावर गोठतो ना, तसा. रात्रभराचा.

उजवी बाजू कोरडी होती.