सूत्रधाराची खुर्ची

दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर एक राज्य चालायचं. दादा राजा. माझी वर्गमैत्रीण वकीलीण (सतत वाद घालते, म्हणून हे नाव) सेनापती. तिची धाकटी बहीण चिंगी प्रधान. आणि मी सूत्रधार! पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसून गोष्ट पुढे न्यायची, वीस बाजूंचा फासा टाकायचा, कोणाचं कारस्थान फळलं ते ठरवायचं. वर्गात तोंड न उघडणारी मी तिथे असली सुटायचे की विचारू नका.

कारस्थानं चिठ्ठ्यांवर चालत. तिघांनी डब्यात एकेक निनावी चिठ्ठी टाकायची. ती कोणाची, हे सूत्रधाराने विचारायचं नाही. पण फासा टाकायचाच. नियम माझाच.

त्या रविवारी डब्यातून चार चिठ्ठ्या निघाल्या.

चौथीवर बारीक, सरळ अक्षर होतं: ‘राजाचा आवाज काढून घ्या.’ चिंगीने आगाऊपणा केला असेल, म्हटलं. फासा टाकला. वीस, म्हणजे कारस्थान पूर्ण फत्ते.

“राजाचा आवाज गेला!” मी जाहीर केलं.

“अगं ए माऊ,” दादा हसला, “परवा माझी—”

पुढे नुसते ओठ हलले.

“नाटकं पुरे, महाराज,” वकीलीण म्हणाली.

नाटक नव्हतं. संध्याकाळी डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. “घसा तर उत्तम आहे,” ते म्हणाले आणि पुन्हा बघितलं. मंगळवारी दादाची रेडिओवर निवेदकाच्या नोकरीसाठी चाचणी होती. वर्षभर तो न्हाणीघरात बातम्या वाचत होता. त्या रात्री न्हाणीघरातून फक्त नळाचा आवाज आला.

सोमवारी शाळा सुटल्या सुटल्या मी दोघींना घरी ओढत आणलं. दादा टेबलाशीच बसला होता.

“चौथी चिठ्ठी कोणाची?”

“विचारायचं नाही, तूच म्हणालीस.”

“वकीलीणबाई, सांगा!”

“आईशप्पथ, एकेकच टाकली,” चिंगी रडवेली झाली.

मी माझ्या खुर्चीत बसले आणि लिहिलं, ‘राजाचा आवाज परत द्या. बदल्यात काय हवं?’ चिठ्ठी डब्यात, वर झाकण. सगळ्यांचे हात टेबलावर.

झाकण काढलं. माझ्याच चिठ्ठीच्या मागच्या बाजूला, त्याच बारीक, सरळ अक्षरात, शाई अजून ओली: ‘सूत्रधाराची खुर्ची.’

हात्तिच्या, एवढंच?

दादाने माझं मनगट पकडलं. जोरजोरात मान हलवली.

मी हात सोडवला आणि उठले.

“माऊ, नको!”

आवाज! खणखणीत! मी उड्याच मारल्या. “दादा, बोललास! अरे, बोललास!”

कोणी माझ्याकडे बघितलं नाही.

आडोशामागे फासा घरंगळला.

“मग? पुढे सांग ना,” चिंगी आडोशाकडे बघत म्हणाली.

तिघं ऐकू लागले. मला काही ऐकू येत नव्हतं. वकीलीण फिस्सकन हसली.

“बदमाश आहेस हं, माऊ,” दादा त्या खुर्चीला म्हणाला.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माशी बसावी तसा त्याने खांदा झटकला.

“दादा?”

आई पाण्याचे पेले घेऊन आली. चार. पहिला तिने आडोशामागे ठेवला. मग रिकाम्या खुर्चीवर वाकून, माझं डोकं जिथे असतं तिथे, हवेतली एक बट कानामागे सारली.

तिचा हात थबकला.

“केवढी गार पडलीयेस गं,” ती म्हणाली, आणि खिडकी लावून घेतली.