चार टिंबं रेडिएटरकडे

जेवणाचा डबा अर्धा टाकून सर्वेअरबाई धावत आल्या होत्या. विमा कंपनीतून फोन आला होता, "जुनी गाडी पेटलीय, मालकाचा हात भाजलाय, आत्ताच्या आत्ता निघा!" उतार उतरून त्या तळघरातल्या वर्कशॉपमध्ये शिरल्या आणि त्यांच्या मागे धाडकन शटर खाली आलं.

"खरं काय ते कळल्याशिवाय इथून कोणी हलायचं नाही," गाडीचे मालक, वकीलसाहेब म्हणाले. त्यांच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. डाव्या हाताने कुलूप लावून त्यांनी किल्ली खिशात टाकली.

बाईंना कोंडलेल्या जागेचं भारी वावडं. लिफ्ट टाळून चार-चार मजले चढून जाणारी बाई ती! आणि इथे धड एक खिडकी नव्हती. पंखा होता, पण तो जळक्या रंगाचा वासच इकडून तिकडे फिरवत होता.

"अहो, मी काय आरोपी आहे?" त्या कडाडल्या.

"नाही, साक्षीदार. बसा."

वकिलाशी कोण डोकं लावणार! बाई चरफडत स्टुलावर बसल्या. लवकर सुटायचं तर लवकर उलगडायला हवं होतं.

आत आणखी तिघे होते. पहिला मिस्त्री. साठी ओलांडलेला, या वर्कशॉपचा कर्ता. त्याच्या पायाशी बांधलेली बॅग होती. दुसरा त्याचा भागीदार, ज्याला सगळे खलाशी म्हणत. तो लेथला टेकून उभा होता. तिसरा साहेबांचा भाचा, सारखं घड्याळ बघणारा.

"पाच वाजता मिस्त्रींची ट्रेन आहे," साहेब म्हणाले. "कायमचे चाललेत लेकीकडे. त्याआधी हा कागद. 'माझ्या निष्काळजीपणामुळे आग लागली.' सही केली तर भरपाईचा दावा. नाही केली तर पोलिसात तक्रार."

म्हणजे दोन्हीकडून मिस्त्री अडकलाच. खटला संपेपर्यंत लेकीचं तोंड दिसणार नव्हतं.

"चार वर्षं बोलावतेय हो ती," मिस्त्री बाईंना म्हणाला. "हे शेवटचं इंजिन. पाच महिने लागले. एकेक भाग सुटा करून, घासून, मापात बसवलाय. देवाशपथ सांगतो, माझं काम चुकलेलं नाही."

"आज झालं काय?"

"साहेबांनी स्टार्टर मारायला सांगितलं नि स्वतः बॉनेटमध्ये वाकून बघत बसले. इंजिन दोनदा खोकलं. तिसऱ्यांदा कार्बोरेटरमधून जाळ आला."

"उघडा ते," बाई म्हणाल्या. "मला आत बघायचंय."

मिस्त्रीने पाना घेतला. मधल्या नटापासून बाहेर बाहेर जात त्याने एकेक नट सैल केला. जुन्या काळचं चार सिलिंडरचं इंजिन. त्याचं हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण, व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच. प्रत्येक सिलिंडरशेजारी दोन, असे आठ. हेड उचललं की सगळं पोट उघडं.

व्हॉल्व्हच्या डोक्यांवर बारीक टिंबं ठोकलेली होती.

"ही तुमची खूण?"

"हो. एक टिंब म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह. दोन टिंबं म्हणजे..." मिस्त्री बोलता बोलता थांबला. त्याने ब्लॉककडे नीट पाहिलं. मग कापडाने हात पुसले, नको इतका वेळ पुसले.

"साहेब, चूक माझीच," तो म्हणाला. "आणा तो कागद."

बाईंनी कान टवकारले. दोन मिनिटांपूर्वी देवाची शपथ घेणारा माणूस एकदम शेपूट का घालतो?

"कागद राहू द्या," त्या म्हणाल्या. त्यांनी वाकून पाहिलं. रेडिएटरकडच्या दोन्ही व्हॉल्व्हवर चार-चार टिंबं होती. मग तीन, मग दोन. अगदी मागे, ड्रायव्हरकडच्या फ्लायव्हीलच्या मोठ्या चाकापाशी, एकेक टिंब. भिंतीवर मिस्त्रीची लाकडी फळी टांगलेली होती. तिच्यात व्हॉल्व्ह ठेवायला आठ भोकं होती आणि एका टोकाला रंगाने लिहिलं होतं, 'रेडिएटर'. त्याच टोकाला आकडा होता एक.

बाईंनी मिस्त्रीकडून दोन व्हॉल्व्ह काढून घेतले. त्यांच्या कडांवर कानशीचे हलके ओरखडे होते. पाच महिने खपून मापात बसवलेल्या कडांवर कानस फिरवेल कोण?

"हेड बसवून इंजिन शेवटचं कधी बंद केलंत?"

"सोमवारी," मिस्त्री पुटपुटला. "काल मंगळवारी दिवसभर मी सामान बांधत होतो, घरी."

"मंगळवारी इथे कोण होतं?"

"मी आलो होतो," भाचा म्हणाला. "दोन तास. फोटो काढले. मामा चालवायला देत नाहीत, मग फोटो तरी."

"मामांनी गाडी द्यायला नकार दिला, त्याचा राग होता?"

"होता ना! म्हणून काय पेटवून देईन? मला ती चालवायचीय."

"यातला एक नंबरचा सिलिंडर कुठला?"

"हा काय, रेडिएटरजवळचा," त्याचं बोट झटकन पुढे गेलं. "सगळे तिथूनच मोजतात ना?"

बाई खलाशाकडे वळल्या. "तुम्ही?"

"मी दिवसभर इथेच होतो. लेथवर."

"भाच्याने इंजिन उघडलं?"

"लेथचा आवाज असतो बाई. माझं लक्ष नव्हतं."

"तुम्हीही कधी व्हॉल्व्ह बसवता का?"

"छे! मिस्त्री हात लावू देईल तर ना. आठ वर्षांत एकदाही नाही. माझं काम लेथ नि वेल्डिंग."

"त्याआधी?"

"लाँचवर होतो. वीस वर्षं इंजिनरूम सांभाळली."

लेथमागच्या भिंतीवर खडूने एक चित्र काढलेलं होतं. ओळीने चार गोल, एका टोकाला मोठं चाक. चाकाशेजारच्या गोलात आकडा होता एक.

"हे तुमच्या लाँचचं इंजिन?"

"हो," खलाशी म्हणाला आणि त्याचा चेहरा पडला.

"आता पुरे, बाई," मिस्त्री घाईने म्हणाला. "मी सही करतो म्हणतोय ना!"

"मिस्त्री, तुम्ही गप्प बसा. खोटं तुम्हाला जमत नाही." बाईंना घाम फुटला होता, श्वास अपुरा पडत होता, पण आता त्या थांबणार नव्हत्या. "साहेब, ऐका. या इंजिनात व्हॉल्व्हची फट कमीजास्त करायला स्क्रूच नाही. प्रत्येकाचा दांडा आपापल्या जागेपुरता घासून बसवावा लागतो. लांब दांडा भलत्या जागी गेला की तो व्हॉल्व्ह मिटतच नाही. आत पेटलेला जाळ उलटा कार्बोरेटरमधून बाहेर येतो. तुम्ही नेमके तिथे वाकला होता."

"म्हणजे मिस्त्रींनी उलटे बसवले!"

"जन्मभर रेडिएटरकडून मोजणारा माणूस? शक्य नाही. आणि भाच्याचं बोटही पुढेच गेलं. मंगळवारी कोणीतरी आठही व्हॉल्व्ह काढले, कानस फिरवली आणि टिंबं बघून बरोबर नंबराने परत बसवले. फक्त त्याचा एक नंबर फ्लायव्हीलपाशी होता. तिथून मोजायची सवय इथे एकालाच आहे. आणि ती सवय कुणाची, हे मिस्त्रींनी झाकण उचलताच ओळखलं."

सगळे खलाशाकडे बघू लागले. तो मटकन खाली बसला.

"आग लावायची नव्हती हो," तो म्हणाला. "शपथ घेऊन सांगतो. नुसतं ते चालू होऊ नये, एवढंच. कडा खराब निघाल्या की हा म्हणाला असता, पुन्हा घासतो, महिनाभर थांबतो. हा गेल्यावर या तळघरात मी कोणाशी बोलू? भिंतीशी?"

साहेबांनी कागद फाडला. "तक्रार मात्र मी करणार," ते पट्टीकडे बघत म्हणाले. "हात माझा भाजलाय. नाव तेवढं बदलेल." त्यांनी कुलूप काढलं. शटर वर गेलं, आणि बाई कोणाचीही वाट न बघता उतार चढून उजेडात आल्या. पोटभर हवा घेतल्यावर त्यांनी वळून पाहिलं.

मिस्त्रीने बॅग उचलली होती, पण पाऊल उचलत नव्हतं.

"अरे, एकदा नुसतं थांब म्हणायचंस," तो खलाशाला म्हणाला. "थांबलो असतो मी. चार वर्षं लेकीला काय सांगतोय? आलो तर इथे माझा माणूस एकटा पडेल. आत्ता सहीसुद्धा केली असती तुझ्यासाठी."

"मग थांब ना."

"आता नाही रे. पाच महिन्यांचं काम होतं ते. त्यावर तू कानस फिरवलीस."

मिस्त्री उतार चढून बाईंच्या शेजारून निघून गेला. डोळे पुसायलाही तो थांबला नाही. साहेब फोन लावत बाहेर आले, मागून भाचा आला. शटर सताड उघडं होतं, तरी खलाशी लेथपाशी बसूनच राहिला.